पॅलेडियमचा थर हायड्रोजन दिल्यावर काचेवरून का सुटतो?

प्रश्न: काचेवर पॅलेडियमचा साधारण 100 नॅनोमीटरचा थर चढवलाय. हायड्रोजन सोडला की क्ष-किरण विवर्तनातलं (अणूंच्या थरांमधलं अंतर मोजणाऱ्या चाचणीतलं) शिखर लहान कोनाकडे सरकतं, म्हणजे ते अंतर वाढतं, ते अपेक्षितच. पण थरावर सुरकुत्या येतात, कडेने पापुद्रे निघतात. 20 नॅनोमीटरच्या थराला मात्र काही होत नाही! असं का?

उत्तर: हायड्रोजनचे अणू पॅलेडियमच्या अणूंच्या जाळीतल्या अष्टफलकीय (सहा अणूंनी वेढलेल्या) पोकळ्यांत बसतात. आल्फा (कमी हायड्रोजनच्या) अवस्थेतून बीटा (भरपूर हायड्रोजनच्या) अवस्थेत जाताना जालक स्थिरांक (जाळीच्या एका घनाची बाजू) 3.89 वरून सुमारे 4.03 अँगस्ट्रॉम होतो, म्हणजे आकारमान दहा टक्क्यांहून जास्त वाढतं. सुट्टा तुकडा सगळीकडे फुगेल; तुमचा थर काचेला चिकटलाय, त्याला फक्त वरच फुगता येतं. आडवा दाब गिगापास्कलमध्ये जातो. साठलेली ऊर्जा जाडीबरोबर वाढते, ती चिकटण्याच्या ऊर्जेला भारी पडली की थर उचकटतो. पातळ थर म्हणूनच वाचतो.

दुसरं उत्तर: पकड वाढवायला पॅलेडियमच्या खाली क्रोमियमचा पातळ थर द्या. टायटॅनियम सगळे सुचवतात, पण ते स्वतःच हायड्रोजन खातं, मला पटत नाही. किंवा पॅलेडियममध्ये सुमारे 25 टक्के चांदी मिसळा. खोलीच्या तापमानाला ती अचानक होणारी अवस्थाबदलाची उडीच टळते.

प्रश्नकर्ता: आभार. हायड्रोजन काढल्यावर शिखर मूळ जागेच्याही पुढे, मोठ्या कोनाकडे जातं. उपकरणाचा दोष?

उत्तर: नाही. दाबाखाली थर कायमचा विरूपित झाला, विस्थापनं (जाळीतले रेषेसारखे दोष) तयार झाली. आता आकुंचन पावताना काच त्याला आडवा ताणून धरते, त्यामुळे अणूंच्या थरांमधलं उभं अंतर कमी होतं आणि शिखर मोठ्या कोनाकडे जातं.