आधी चासी बघ रे
जुना पिकअप घेऊन रस ऑम्लेटचा (आपलं गोव्याचं, रस्सा घातलेलं ऑम्लेट) गाडा करायचाय म्हणतोस, मस्तच, पण रंग नि बोर्ड नंतर, आधी खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघ. मी म्हापशात घेतलेली गाडी वरून चकाचक, खाली स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार, खारी हवा नि चार महिने पाऊस, दुसरं काय होणार. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो झाले, ती अगदी मागच्या टोकाला नको, मागच्या अ‍ॅक्सलजवळ (चाकांच्या दांड्याजवळ) घे, नाहीतर चढावर स्टिअरिंग हलकं पडतं. सिलेंडर १९ किलोचा कमर्शियलच, घरचा १४.२ वाला चालत नाही. आणि बॉडी कापायच्या आधी आरटीओची परवानगी काढ (मोटार वाहन कायदा, कलम ५२), मी उलटं केलं नि दोन महिने गाडी दारात उभी, शेजारची कोंबडी आत अंडी घालायला लागली!