वादळात तुटलेली सर्व्हिस वायर: महावितरणची की घरमालकाची?

किनारपट्टी:
३ जून २०२०ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनवर आदळलं, तेव्हापासून मिरग जवळ आला की हा वाद निघतोच. माझं म्हणणं सरळ आहे. खांबापासून मीटर आणि कटआउटपर्यंत (मीटरजवळचा फ्यूज) जे आहे, म्हणजे घराकडे येणारी सर्व्हिस वायर धरून, ते महावितरणचं. जोडणी घेताना सर्व्हिस लाइनचे पैसे ग्राहकाने भरले म्हणून देखभाल त्याच्या गळ्यात पडत नाही. मेन स्विच, एमसीबी, घरातलं वायरिंग, अर्थिंग हे आपलं. "वायर आणून द्या, लगेच जोडतो" असं कोणी म्हणालं तर आणू नका. १९१२ला तक्रार करा, क्रमांक लिहून घ्या, शाखा कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या.

माडाखाली:
पोच फ्रेम करून भिंतीला लावा, पंखा काही फिरणार नाही. मोठ्या वादळानंतर कामाचा क्रम ठरलेला असतो: आधी उपकेंद्र, मग ११ केव्ही फीडर (उपकेंद्रातून निघणारी ११ हजार व्होल्टची लाइन), मग डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर), मग एलटी लाइन (खांबांवरची कमी दाबाची लाइन). एकट्या घराची सर्व्हिस सगळ्यात शेवटी. उशीर झाला तर भरपाई मागा म्हणाल, तर चक्रीवादळात कृती मानकांतली (सेवा किती वेळात द्यायची याच्या नियमांतली) भरपाई लागूच होत नाही.

नवीन जोडणीत १.३ टक्के सुपरव्हिजन (महावितरणचं देखरेख शुल्क) भरून परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेता येतं ना? मग दुरुस्तीत ग्राहकाने वायर आणली तर काय बिघडलं? दोन कोअर अॅल्युमिनियम वायर, ८ गेजची जीआय बेअरर तार (वायरला आधार देणारी लोखंडी तार), दोन रील इन्सुलेटर, भिंतीवरचा पाइप आणि क्लॅम्प. सामान एवढंच. ठेकेदाराने भिंतीपासून खांबापर्यंत ओढून ठेवावी, खांबावरचं जोडकाम लाइनमनने करावं.

मेगर५००:
सामान कोणी आणायचं यावर हवं तेवढं भांडा, पण "ओढून ठेवावी" हे इतकं सोपं नाही.

वायर स्वतः ताण घेत नाही, ताण बेअररने घ्यायचा. बेअरर न बांधता नुसती वायर टांगली की पुढच्या वाऱ्यात ती इन्सुलेटरपाशी घासून सोलते. रस्ता ओलांडत असेल तर झोळासकट ५.८ मीटर उंची राहिली पाहिजे. पाइपच्या तोंडाला खाली वळलेला बेंड हवा आणि वायर आत शिरण्याआधी खाली लोंबता वळसा हवा, नाहीतर पावसाचं पाणी वायरवरून थेट मीटरमध्ये उतरतं. तुटलेल्या अॅल्युमिनियमला तांब्याचा तुकडा पिळून टेप गुंडाळणं तर कोकणात अजिबात चालत नाही. खारी हवा त्या सांध्याला खाते, सांधा तापतो.

आणि तो सांधा न्यूट्रलचा असेल तर? तीन फेजचं घर असेल आणि न्यूट्रल सुटला, तर कमी लोड असलेल्या फेजवर व्होल्टेज २३० सोडून ४००कडे चढतं. टीव्ही, फ्रिज, राउटर सगळं एकदम जातं.

घरात पाणी गेलं असेल तर आधी मेन स्विच बंद करा. पुरवठा येण्याआधी घरातल्या वायरिंगची ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) चाचणी घ्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर जोडणी मागूच नका.

किनारपट्टी:
म्हणजे ठेकेदार लागणारच! मग माडाखाली म्हणतात तसं गावात कोण करतो? झिरो वायरमन. परवाना नाही, विमा नाही. मीटरचं सील तुटलं की विद्युत कायद्याचं वीजचोरीचं कलम १३५ घरमालकावर लागायची वेळ येते, तो मात्र पाचशे रुपये घेऊन पसार. एकदा लोकांनी वायर पुरवायला सुरुवात केली की तीच रीत पडते, कार्यालयाला साठा ठेवायची गरजच उरत नाही.

माडाखाली:
झिरो वायरमनची बाजू मी घेतलीच नाही. परवानाधारक म्हटलं, नीट वाचा. आणि तुमच्याच माडाची झावळी तारेवर पडली असेल, तर ती कापणं कोणाचं काम? तिथेही अर्जच करणार का?

मेगर५००:
झावळी तारेला टेकलेली असेल तर कोयता घेऊन कोणीही चढायचं नाही, तार मेलेली दिसली तरी. शेजारच्याने जनरेटर चेंजओव्हरशिवाय (लाइन तोडून जनरेटर जोडणारा स्विच) लावला असेल, तर त्याचे २३० व्होल्ट डीपीतून उलटे जाऊन ११ केव्ही होतात. खांबावरचा लाइनमन त्यानेच मरतो. म्हणून लाइन बंद करून, परमिट (लाइनवर काम करायची लेखी परवानगी) घेऊन, दोन्ही बाजूंनी अर्थ करूनच फांदी कापतात. एरवी, सुक्या दिवसांत, तारेपासून लांब असलेल्या झावळ्या उतरवणं हे घरमालकाचंच काम. मे महिन्यात.

माडाखाली:
हे मान्य. सामानाचं मात्र नाही. वायर मीच आणणार, पण लाइनमनकडून वहीत नोंद करून घेणार.