आंब्यावर आमरी (ऑर्किड), शेजारचा अर्जुन कोरा. असं का?

रानभुली: दोन्ही झाडं जुनी, जवळजवळ, ऊन-पाऊस सारखाच. आंबा शेवाळ, नेचे आणि सीतेची वेणी या आमरीने भरलाय. अर्जुनाच्या खोडावर काहीच नाही. सालीत विष असतं का?

पानगळ: अर्जुन साल टाकतो, बस्स. निलगिरी आणि पेरूचंही तेच.

खोडकर: पानगळ म्हणतात ते खरं, पण निम्मंच. आमरीचं बी धुळीएवढं, पोटात शिदोरी नाही. योग्य बुरशी भेटली तरच रुजतं, मग रोप वाढायला काही वर्षं. तोवर अर्जुनाचे पापुद्रे रोपासकट खाली. आंब्याची भेगाळ साल जागची हलत नाही; भेगेत बी अडकतं, पाऊस उघडल्यावरही ओल थोडी टिकते. सालीतल्या रसायनांचा, आम्लतेचा परिणाम होतोच, पण विषाचा संशय घेण्याआधी सालीवरून हात फिरवा.

खोडाचा आकार मात्र कुणी बघतच नाही! उभ्या खोडावरून पाणी सरळ निघून जातं. तिरप्या खोडाची वरची बाजू भिजते, तिथे शेवाळ धरतं, कचरा साचतो. खालची बाजू कोरडी. बेचक्यात पानं कुजून माती होते. बाशिंग नेचा तर त्यावरही थांबत नाही, तपकिरी पानांची ओंजळ करून पालापाचोळा स्वतःच गोळा करतो. शिंदीच्या खोडावर देठांचे बुडखे राहतात, म्हणून तिथे पिंपळ उगवलेला दिसतो. नारळाचं पान गळलं की उरतो फक्त वण.

एकाच झाडावरही सगळीकडे सारखं नसतं. वनस्पती-अभ्यासक योहान्सन यांनी १९७४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातल्या झाडांचे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाच पट्टे पाडले होते, ते यासाठीच.

रानभुली: आंब्याची एक फांदी पडलीय, तिच्यावरची आमरी अर्जुनावर बांधू का?

खोडकर: नको, आंब्यावरच परत चढवा. तिरप्या फांदीच्या वरच्या अंगाला, मुळं सालीला टेकतील अशी. त्यांच्यावरचं पांढरट आवरण स्पंजासारखं पाणी ओढतं, ते मातीने किंवा काथ्याने झाकू नका. दोरी सुती घ्या, नायलॉनची नको. मुळं चिकटेपर्यंत ती आपोआप कुजते.

पानगळ: आणि खत वगैरे काही नको.