किल्लारीच्या आठवणी लिहून काढताना मशीन माणसांची बोली बदलतंय, काय करावं?

औसा_मास्तर
नमस्कार. मी औसा तालुक्यात शाळेवर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी दोन वर्षांपासून मोबाइलवर रेकॉर्ड करतोय. ४१ तास जमलेत. हातानं लिहायला बसलो की एका तासाच्या बोलण्याला माझे सहा-सात तास जातात. म्हणून आवाज ऐकून मजकूर लिहिणारं एक फुकट मॉडेल लॅपटॉपवर बसवलं. दहा मिनिटांत पानंच्या पानं तयार झाली, लई आनंद झाला. मग आवाज लावून ओळ न् ओळ ताडून पाहिली.

एक आजोबा म्हणाले होते, "मी तवा माळवदावर झोपलो होतो." मशीननं लिहिलं, "मी तेव्हा माळावर झोपलो होतो." माळवद म्हणजे आमच्याकडचं छत: दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी माणसं गाडली गेली ती त्याच मातीखाली. आजोबा छतासकट खाली आले आणि वाचले. मशीननं त्यांना गावाबाहेर मोकळ्या माळावर झोपवलं. साक्षच बदलली.

"पाणी यायलंय" चं "पाणी येत आहे" होतं, "काय करायलास" चं "काय करत आहेस". अर्थ तोच, पण ती माणसं त्या कागदावर राहत नाहीत.

आणि एक आजी लेकराचं नाव घेऊन थांबल्या. पाऊण मिनिट कुणीच बोललं नाही, पंखा तेवढा वाजत होता. मशीननं तिथं लिहिलं, "धन्यवाद, भेटूया पुढच्या भागात." ते वाचून मी लॅपटॉप मिटवला.

हे दुरुस्त होतं का? की हातानंच लिहू?

नांदेडची_प्रकल्पवाली
सर, मी नांदेडला आवाजाचा मजकूर करणाऱ्या मॉडेलांवरच एम.एस्सी.चा प्रकल्प करतेय. आधी आजींचं. अशी मॉडेलं नुसता आवाज ओळखत नाहीत, पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाजही बांधत जातात. शिकताना त्यांना इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि त्यांच्या खालच्या मजकुराच्या पट्ट्या (सबटायटल) पुष्कळ मिळतात. व्हिडिओच्या शेवटी आवाज थांबतो तेव्हा पट्टीवर निरोपाचं वाक्य असतं, म्हणून शांतता आली की तेच वाक्य उमटतं. उपाय सोपा आहे: मॉडेलला देण्याआधी बोलणं कुठं आहे आणि शांतता कुठं, हे ओळखणारा छोटा प्रोग्रॅम चालवा आणि फक्त बोलण्याचे तुकडे पुढं पाठवा. शांततेची वेळ तो प्रोग्रॅम सांगतोच, ती जपून ठेवा.

बोलीचं दुखणं खोल आहे. मराठी आवाजाचा जो साठा मिळतो त्यात वाचून दाखवलेलं आणि बातम्यांचं फार. "श्रुतलिपी" हा संच तर आकाशवाणीच्या बातमीपत्रांतूनच काढलेला आहे. तिथं "यायलंय" कुठून येणार? आता चित्र बदलतंय. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटानं २०२४ मध्ये "इंडिकव्हॉइसेस" आणलं, तेव्हा त्यात २२ भाषा, १४५ जिल्हे, १६,२३७ माणसं आणि ७,३४८ तास होते, आणि वाचून दाखवलेला भाग फक्त ९ टक्के. बंगळुरूच्या आयआयएस्सीचा "वाणी" प्रकल्प जिल्हावार फिरून, माणसांना चित्र दाखवून बोलतं करतो. अशा साठ्यावर शिकलेलं मॉडेल आधी लावून पाहा.

अजून एक, सर. चुका मोजायची आमची पद्धत म्हणजे बदललेले, गाळलेले आणि घुसडलेले शब्द मिळवायचे आणि मूळ शब्दसंख्येनं भागायचं. तुमच्या आजोबांच्या वाक्यात पाच शब्द, दोन बदलले, म्हणजे ४० टक्के चूक. पण "तवा" चं "तेव्हा" आणि "माळवदावर" चं "माळावर" या दोन्हींना गुण सारखेच कापले जातात! एका आकड्यावर विसंबू नका. माळवद, खण, बळद, गढी अशा शब्दांची यादी करा आणि तेवढेच शब्द मशीन बरोबर लिहितं का ते वेगळं तपासा. तुम्ही हातानं दुरुस्त केलेले दोन-चार तास जमले की त्यावर मॉडेलला पुन्हा शिकवता येईल. ते मी करून देईन.

अंबाजोगाईकर
मास्तर, मी जात्यावरच्या ओव्या हातानंच उतरवून घेतल्या, म्हणून एक सांगतो. बोली कशी लिहायची याचा नियम आधी ठरवा. "यायलंय", "येयलंय", "यायलंया" असं एकाच माणसाचं तीन तऱ्हांनी लिहिलं तर ताईंचं मॉडेलही गोंधळंल. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचं बोलींचं सर्वेक्षण आहे, त्यात बोली कशी टिपलीय ते बघा. आणि म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय एकही फाईल बाहेर देऊ नका.

औसा_मास्तर
दोघांचेही आभार. शांतता वेगळी काढून अकरा रेकॉर्डिंग पुन्हा चालवली. ते निरोपाचं वाक्य कुठंच आलं नाही. शब्दांची यादी १३० पर्यंत गेलीय, त्यातले निम्मे माझ्या विद्यार्थ्यांनाही माहीत नव्हते. लिहायचा नियम शनिवारी आजोबांसमोर बसूनच ठरवणार आहे. ताई, चार तास दुरुस्त झाले की कळवतो, पण अंबाजोगाईकर म्हणतात तसं आधी घरोघर जाऊन विचारतो. आजींच्या पानावर आता "(४६ सेकंद गप्प)" एवढंच लिहिलंय.