बचत गटाचा हिशेब शिकवणारा ऑनलाइन कोर्स: तिसऱ्या धड्यानंतर गळती का होते?

वहीखाते (धागाकर्ता)

ग्रामीण बचत गटांचा हिशेब लिहिणाऱ्या महिलांसाठी मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली) मराठी कोर्स तयार केला आहे. वय साधारण २५ ते ५०, शिक्षण सातवी ते बारावी, बघणं जवळजवळ सगळं मोबाइलवर. धडे १२. प्रत्येकात २०-२२ मिनिटांचा व्हिडिओ, तोच मजकूर पीडीएफमध्ये आणि शेवटी १० वस्तुनिष्ठ प्रश्न. क्रम असा: बचत गट म्हणजे काय, चळवळीचा इतिहास, पंचसूत्री (गटाची पाच मूळ सूत्रे), सभासदांचे हक्क, शासकीय योजना वगैरे. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) सातव्या धड्यात आणि कर्ज खतावणी (प्रत्येकीच्या कर्जाचं खातं) नवव्यात येते.

तीन अडचणी आहेत. तिसऱ्या धड्यानंतर निम्म्याहून जास्त जणी गळतात. ज्या पूर्ण करतात त्यांना चांगले गुण पडतात, पण प्रत्यक्ष वहीत मुद्दल आणि व्याजाचा घोळ तसाच राहतो. शिवाय धडा अर्धवट ठेवून परत आलं की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो (सगळा कोर्स स्कॉर्म १.२ या ई-लर्निंग मानकाच्या एकाच पॅकेजमध्ये आहे). व्हिडिओंत ॲनिमेशन घालून ते आकर्षक करावेत असा सल्ला मिळालाय. त्यावर खर्च करावा का?

---

उलटा_क्रम

ॲनिमेशनवर एक रुपयाही घालू नका. जी बाई कर्जाचा हप्ता कुठे लिहायचा हे शिकायला आली आहे, तिला तुम्ही सहा धडे ताटकळत ठेवताय. प्रौढ माणूस कोर्सला येतो तो उद्याचं काम अडलंय म्हणून. माल्कम नोल्स यांनी प्रौढशिक्षणाबद्दल हेच मांडलं: शिकणाऱ्याला आपलं काम सुटायला हवं असतं, विषयाची ओळख नंतर चालते.

धड्यांची यादी बाजूला ठेवा आणि एका मासिक बैठकीत ती बाई हाताने काय काय करते ते क्रमाने लिहा. हजेरी, बचत जमा, हप्ते घेणे, नवं कर्ज देणे, पेटीतली रोख मोजून वहीशी जुळवणे, इतिवृत्त. तुमचा अभ्यासक्रम एवढाच. इतिहासाचा धडा पूर्ण काढा, कुणालाही चुकल्यासारखं वाटणार नाही.

मग प्रत्येक कामात नेमकं काय चुकतं ते शोधा. जुन्या वह्यांची पंचवीसेक पानं चाळली तरी त्याच त्या चार-पाच चुका सापडतील. तुमच्या मुद्दल-व्याजाचंच घ्या. कर्ज १०,०००, दरमहा २ टक्के, मुद्दलाचा हप्ता १,०००. पहिल्या महिन्यात सभासद १,२०० भरते. येणे बाकी किती? बरोबर उत्तर ९,०००. कुणी ८,८०० लिहिलं, तर तिने आलेली सगळी रक्कम मुद्दलात टाकली. ९,२०० लिहिलं, तर व्याज आधी कर्जात मिळवून मग हप्ता वजा केला. पुढच्या महिन्याचं व्याज १८० ऐवजी २०० लिहिलं, तर ती अजून मूळ रकमेवरच आकारतेय. दहा हप्त्यांत १,१०० च्या जागी २,००० व्याज वसूल होईल. प्रश्नाचे चुकीचे पर्याय असेच निवडायचे, म्हणजे प्रत्येक चूक आपलं कारण सांगते, आणि अभिप्रायात "चूक, पुन्हा प्रयत्न करा" न लिहिता "१,२०० मधले २०० व्याजाचे, ते व्याजाच्या रकान्यात" असं लिहिता येतं. "पंचसूत्रीत किती सूत्रे आहेत?" हा प्रश्न ज्याने घातला त्याला एकदा कीर्द लिहायला बसवावं. तुमच्या परीक्षेत चांगले गुण का पडतात याचं उत्तर तिथेच आहे.

शिकवण्याचा क्रम: आधी पूर्ण सोडवलेलं एक उदाहरण, प्रत्येक रकान्यामागचं कारण बोलून दाखवत. मग तसंच दुसरं, शेवटचे दोन रकाने कोरे. मग तिसरं, फक्त व्यवहार दिलेला आणि पान कोरं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ स्वेलर यांच्या संशोधनाचा गाभा हाच, की नवख्याला थेट कोरं पान दिलं तर सगळी बुद्धी वाट शोधण्यात खर्च होते, रीत डोक्यात बसायला जागाच उरत नाही. पण जिला आधीच येतं तिला हीच सोडवलेली उदाहरणं कंटाळवाणी होतात. म्हणून प्रत्येक धड्याच्या तोंडाशी एक न सोडवलेलं उदाहरण ठेवा. बरोबर आलं तर तिला पुढे जाऊ द्या. "व्हिडिओ पूर्ण पाहिल्याशिवाय पुढचं उघडणार नाही" असं कुलूप असेल तर ते आजच काढा.

---

स्कॉर्मग्रस्त

पहिल्या पानावर परत जाण्याची दोन कारणं असू शकतात. स्कॉर्म १.२ मध्ये प्रगतीचा तपशील 'सस्पेंड डेटा' नावाच्या जागेत साठतो आणि त्या जागेची मर्यादा ४,०९६ अक्षरं. बारा धड्यांच्या एकाच पॅकेजमध्ये प्रत्येक पानाची, प्रत्येक उत्तराची नोंद तिथे कोंबली जाते. मर्यादा ओलांडली की नोंद तुटते किंवा नाकारली जाते, आणि शिकणारीला त्याची खबरही लागत नाही. दुसरं कारण मोबाइलचं. ती 'बाहेर पडा' दाबत नाही, स्क्रीन सरकवून ब्राउझरच बंद करते, त्यामुळे शेवटची नोंद सर्व्हरवर पोहोचत नाही. उपाय: ६ ते ८ पानांची सुटी पॅकेजेस करा आणि प्रत्येक पानानंतर 'कमिट' होईल (नोंद सर्व्हरवर जाईल) अशी सोय ठेवा. तुमच्या कोर्सला खरं तर स्कॉर्मची गरजच दिसत नाही. मूडलमधली एचफाइव्हपी (सराव-प्रश्न घातलेले धडे बनवायची सोय) आणि साधी प्रश्नमंजूषा पुरेल.

व्हिडिओचा हिशेब करा. ४ एमबीपीएसचा २२ मिनिटांचा व्हिडिओ साधारण ६६० एमबी होतो. ज्यांचा पॅक दिवसाला एक-दीड जीबीचा, त्यांचा निम्मा दिवस एका धड्यात संपला. ४८०पी, ५०० केबीपीएस, लांबी ४ मिनिटं ठेवली तर १५ एमबीत काम होतं. उभ्या चौकटीत चित्रित करा. वहीचं पूर्ण पान एकदाच दाखवा, नंतर ज्या ओळीबद्दल बोलताय तेवढीच मोठी करा, नाहीतर या दर्जात आकडे वाचता येत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. व्हिडिओ म्हणून टाकला की तो आणखी दाबला जातो आणि ३ चा ८ दिसायला लागतो.

पडद्यावर पूर्ण परिच्छेद लिहून तोच वाचून दाखवू नका. आवाजाने समजवा, पडद्यावर फक्त आकडे आणि रकान्यांची नावं.

आणखी दोन खास मराठी कटकटी. मूडलच्या संख्यात्मक प्रश्नात कुणी देवनागरी अंकांत १८० लिहिलं तर बरोबर उत्तरही चूक ठरतं. तिथे लघुउत्तर प्रकार घ्या आणि दोन्ही लिप्यांतले अंक, स्वल्पविरामासह आणि स्वल्पविरामाशिवाय, बरोबर उत्तरांत भरून ठेवा. दुसरी कटकट प्रमाणपत्राची. मूडल पीडीएफसाठी टीसीपीडीएफ नावाचं सॉफ्टवेअर वापरतं, त्याला देवनागरीची अक्षरजुळणी जमत नाही: पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर छापली जाते, जोडाक्षरं फुटतात. नावांची यादी बाहेर काढून लिबरऑफिसच्या मेल मर्जमधून प्रमाणपत्रं करा. स्वतःचं नाव मोडकं छापलेलं प्रमाणपत्र कोण भिंतीवर लावेल?

---

वहीखाते

पॅकेज आजच फोडायला घेतो. दोन शंका. बऱ्याच जणींचा फोन घरातल्या दुसऱ्या कुणाचा असतो, संध्याकाळीच हाती येतो. मग वेळापत्रक कसं आखायचं? आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांनी भागत नसेल तर शेवटची परीक्षा कशी घ्यायची?

---

बैठकीचा_दिवस

वेळापत्रक कोर्सचं नको, गटाच्या बैठकीचं घ्या. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात तीन छोटे धडे, बैठकीत खरी वही, नंतरच्या आठवड्यात तपासणी आणि उजळणी. असे दोन फेरे, म्हणजे दोन महिने. १५ मिनिटांत आटोपेल असा धडा हवा, मध्येच फोन परत द्यावा लागला तरी तुटणार नाही असा. थेट ऑनलाइन वर्ग आठवड्याला एकच, ४० मिनिटांचा, २० ते २५ जणींचा. त्यात नवं काही शिकवायचं नाही, फक्त अडलेली पानं सोडवायची. पन्नास जणी घेतल्या की चौघीच बोलतात.

उजळणी वगळू नका. रोडिगर आणि कार्पिक या स्मरणावरच्या संशोधकांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर तेच मागे पडले आणि मधे आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमची परीक्षा धडा संपल्या संपल्या होते, म्हणजे ती त्या पाच मिनिटांचंच मोजमाप. तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर एकेक व्यवहार टाका, उत्तर वैयक्तिक मागवा. ग्रुपवर मागवलं की पहिलं उत्तर येतं आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे.

शेवटची परीक्षा म्हणजे एक अख्खी बैठक. उदाहरणार्थ: सुरुवातीची रोख १,४५०. १२ सभासद, बचत १०० रुपये, एक गैरहजर आणि तिची बचत आली नाही. हप्त्यापोटी १,२०० जमा. नवं कर्ज ३,००० दिलं. पेटीत ७६० रुपये निघाले. वही जुळवा. हिशेबाने ७५० येतात, उरलेले १० उशिरा आलेल्या एकीच्या दंडाचे. तो उल्लेख इतिवृत्ताच्या मजकुरात दडवून ठेवा. बाराही जणींची बचत धरणारीचं उत्तर ८५० येईल. कागदावर लिहायला सांगा, फोटो मागवा, आणि ४८ तासांच्या आत चुकलेल्या रकान्यावर गोल करून परत पाठवा. आठवडाभराने आलेला अभिप्राय कुणी उघडत नाही. तपासायला माणूस लागतो हे खरं, पण ॲनिमेशनचे पैसे वाचलेत ना, ते इथे वापरा.

उलटा_क्रम यांच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. पंचसूत्री काढू नका, फक्त तिचा वेगळा धडा नको. नियमित परतफेड हे सूत्र थकबाकीचा रकाना शिकवताना आलं की ते घोकावं लागत नाही.

---

उलटा_क्रम

पंचसूत्रीचं मान्य. एक भर: कोर्स सगळ्यांना खुला करण्याआधी पाच जणींना एकेक करून बसवा, त्यांच्याच फोनवर. आपण काही सांगायचं नाही, बोट कुठे अडतं ते बघायचं. आणि कोर्स संपल्यावर दोन-तीन बैठका झाल्या की त्याच गटांच्या खऱ्या वहीचे फोटो मागवा, आधीच्या चुकांच्या यादीशी ताडून बघा. प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्यासाठी कर्कपॅट्रिक यांनी सांगितलेल्या चार पातळ्यांपैकी ही तिसरी, वर्तनाची. 'कोर्स आवडला का' हा फॉर्म पहिल्या पातळीचा, त्यावरून वहीबद्दल काहीच कळत नाही.

---

जमा_नावे

व्हिडिओत 'डेबिट-क्रेडिट' असेल तर 'नावे-जमा' करा, वहीत तेच छापलेलं असतं. रकान्यांची नावं आणि त्यांचा क्रम त्यांच्या छापील वहीशी तंतोतंत जुळू द्या. जिल्ह्यागणिक वहीचा नमुना वेगळा असेल तर एकच 'आदर्श' वही दाखवू नका, प्रत्येक नमुन्याचं सोडवलेलं पान स्वतंत्र ठेवा. आणि लोकओएस या बचत गटांच्या सरकारी ॲपवरची नोंद वही पक्की झाल्यावरच शिकवा. दोन्ही एकदम सुरू केलं की चूक वहीतली की ॲपमधली हेच समजत नाही.