मदत हवी आहे: तैलरंगातल्या पोर्ट्रेटमध्ये सावली मळते

१२ × १६ इंची कॅनव्हास, इम्प्रेशनिस्ट पद्धत (सुट्या फटकाऱ्यांतून उजेड पकडणारी), ओल्या रंगावर ओला रंग, एकाच बैठकीत. पॅलेटवर टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, अलिझरिन (गडद लाल), अल्ट्रामरीन (निळा), व्हिरिडियन (हिरवा). काळा अजिबात नाही. उजेडाची बाजू जमते. हनुवटीखालच्या सावलीत मात्र निळसर-हिरवा फटकारा खालच्या केशरी थरात मिसळून राखाडी चिखल होतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ ठेवला, ब्रश दर फटकाऱ्याला पुसला, तरी तेच. पांढरा वाढवला की कातडी खडूसारखी (टायटॅनियमचा हा जुनाच त्रास).

सावली दोन-तीन दिवस सुकू द्यावी का? मग कडा कडक होतात, रेन्वार या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराच्या चेहऱ्यांतला मऊपणा उरत नाही. की वरचा रंग तेल न घालता दाट घेऊन एकदाच टेकवावा, पुन्हा ब्रश फिरवूच नये? सावली केशरीऐवजी आधीच थंड रंगात मांडणारे कुणी आहे का?