घरफाळा भरताना तुम्हाला काय अनुभव आला? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनो, लिहा

मंडळी, शहरात ३० एप्रिलच्या आत भरलं तर ५ टक्के सूट, जूनअखेरपर्यंत दंड नाही, जुलैपासून महिन्याला २ टक्के. एवढं सगळ्यांना पाठ आहे. चलनावरचं बाकीचं मात्र फार कमी जण वाचतात आणि घोळ तिथंच असतो. आपापला अनुभव सविस्तर लिहा, दुसऱ्याचा हेलपाटा वाचेल.

वडगावहून
आमच्या पुढच्या खोलीत सासऱ्यांचा माग होता. तो विकून बरीच वर्षं झाली, आता तिथं मुलं अभ्यास करतात. पण चलनात ती खोली बिगरनिवासीच, आणि तो दर चढा. अर्ज दिला, जोडीला विजेचं बिल. बिल कलेक्टर येऊन बघून गेले. मागाचे बोल्ट अजून फरशीत आहेत, तेही वाकून बघितले. पुढच्या वर्षी निवासी लागलं. बायांनो, आकारणी आपणच घोषित करायची असते. वापर, क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष तिन्ही तपासा. घर जुनं तसा घसारा, म्हणजे जुनेपणाची सूट, जास्त मिळतो, वर्ष चुकीचं पडलं की तो गेला.

टिळकवाडीहून
मूळ करावर आरोग्य, ग्रंथालय, भीक प्रतिबंधक असे उपकर चढतात. ग्रंथालयाचे ६ टक्के, भीक प्रतिबंधकाचे ३. वाचनालयासाठी देताना मला तरी वाईट वाटत नाही, पण तिथं मराठी पुस्तकंही असावीत.

अनगोळहून
आमची जागा बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँप पेपरवर घेतलेली. वडील दरवर्षी भरायचे आणि पावत्या जपून ठेवायचे, घर आपल्या नावावर झालं असं समजून. कर भरला म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, हे मी वकिलांना विचारलो तेव्हा कळलं. २०२५ मध्ये बी-खात्याची, म्हणजे अनधिकृत वसाहतीतल्या जागांच्या वेगळ्या नोंदीची मोहीम निघाली तेव्हा त्याच पावत्या मात्र उपयोगी पडल्या. घर कुणाच्या ताब्यात आहे ते त्यावरून दिसतं. फाडून टाकू नका.

कॅम्पातून
आमचा कर महापालिकेकडे नाही, कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. नवीन राहायला येणारे हमखास ‘बेळगाव वन’ या सेवा केंद्रात जाऊन उभे राहतात.

खानापूर तालुक्यातून
खेड्यात पंचायतीत भरायचा. ई-स्वत्तूवरचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन नोंदीतला आपल्या घराचा उतारा आधी काढून बघा. आमच्याकडे चतुःसीमेत पूर्व-पश्चिमच उलटी पडली होती. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) मूळ खरेदीपत्र दाखवून दुरुस्त करून घेतलं.

निपाणीहून
हे गेल्यावर चलन त्यांच्याच नावानं येत राहिलं. भरत होते, तक्रार नव्हती. मुलीला जागा द्यायची ठरली तेव्हा अडलं, कारण ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीला ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा लागतो आणि त्यावर नाव हयात मालकाचं हवं. मृत्यूचा दाखला, वारसा, सगळ्यांची संमती असं करत नाव चढलं. चलन कन्नडमध्ये असतं, मला वाचता येत नाही. नातीला शेजारी बसवून एकेक रकाना वाचून घेते: नाव, पीआयडी म्हणजे मालमत्तेचा क्रमांक, थकबाकी. भाऊंनो, सरकारी कागद आम्हाला मराठीतही मिळायला हवेत, हे मी मनापासून मागते. तोवर घरातल्या कन्नड शाळेतल्या पोराला हे काम लावा, आणि पैसे भरायच्या आधी लावा.